हत्तीचा खांदा

नवरा फुटबॉल संघाचा मॅनेजर झाला तेव्हापासून तिला आपल्याच घरात खाली बघून चालायची सवय लागली. बाहेरच्या खोलीतल्या सतरंजीवर कुठं वाघ उभा असे, कुठं गेंडा, आणि चुकून बकरीच्या शिंगावर टाच पडली तर कळ थेट मस्तकात जाई. ही जनावरं प्लास्टिकची, ठमीची. ठमी म्हणजे त्यांची चार वर्षांची लेक. तिला ती मामानं आणून दिली होती आणि बापानं ढापली होती. संध्याकाळी चहाचा कप घेऊन तो सतरंजीवर बसे, उजवा पाय लांब सोडून, कारण तो गुडघा आता मांडीत मावत नसे. बुटांची दोन रिकामी खोकी दोन टोकांना आडवी ठेवली की झाले गोल. मग येत्या सामन्याला कोण कुठं उभा राहणार याची मांडामांड सुरू होई. प्रत्येक खेळाडूचं एक जनावर ठरलेलं. जे खेळणार नाहीत त्यांना बिस्किटांच्या जुन्या डब्यात जागा. डब्याच्या झाकणाला त्यानं खिळ्यानं भोक पाडलं होतं, कारण आत कोंडलेल्यांनी श्वास कसा घ्यायचा, असं विचारून ठमीनं एकदा घर डोक्यावर घेतलं होतं. काळजी करायचा हा गुण पोरीनं कोणाचा उचलला, ते घरात सगळ्यांना माहीत होतं.

इतर जनावरं त्यानं वाटली होती, पण हत्ती कोणाला द्यायचा हा प्रश्नच आला नाही. खेळणी आणली त्याच दिवशी मामानं हत्ती उचलून खोक्याच्या तोंडाशी उभा केला होता. "हा मी," तो ठमीला म्हणाला होता. "दारात हत्ती उभा असला की दार लावायची गरज नाही."

मामा म्हणजे तिचा सख्खा मोठा भाऊ आणि संघाचा गोलकीपर. लोक त्याला कुलूप म्हणत. तिचा नवरा खेळत होता तेव्हा तो या कुलपाच्या पुढ्यात, बचावफळीच्या मधोमध असे. एकदा रोवला की तिथून हलायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं खुंटा. "पुढे खुंटा, मागे कुलूप, घरी जाऊन खुशाल झोप," असं प्रेक्षक बाकं बडवत ओरडायचे. उमेदीच्या दिवसांत दोघं एका खोलीत राहायचे, एकाच बादलीत मोजे भिजवायचे. दादानंच त्याला एकदा जेवायला घरी आणला, मग दुसऱ्यांदा आणला, आणि तिसऱ्यांदा तो स्वतःहून आला. लग्नाची बोलणी करायला तिच्याकडून कोणी वडीलधारं नव्हतंच. दादानं तिला स्वयंपाकघरात नेऊन एवढंच सांगितलं होतं की हा माणूस बोलायला मठ्ठ आहे, पण मैदानावर माझ्या पुढ्यात उभा राहतो तो पळत नाही. घरात तुझ्या पाठीशी उभा राहील, एवढी हमी देतो.

आईवडील लवकर गेले होते. तिचं माहेर म्हणजे दादाची दोन खोल्यांची जागा, गॅलरीत चिमट्यांना लोंबकळणारे गोलकीपरचे हातमोजे, आणि पलंगाखाली तिच्या कॉलेजच्या पुस्तकांचं खोकं, जे त्यानं कधी रद्दीत घालू दिलं नाही. लग्नाचं विचारलं की तो म्हणे, माझं गोलपोस्टशी लागलंय, दुसरी केली तर ती बोल लावेल. नवऱ्याशी भांडून ती एकदा माहेरी गेली, तर दादानं त्या नवऱ्यालाही फोन करून जेवायला बोलावलं, आणि भांडण तिथंच भातात कालवलं गेलं. असं माहेर. एका माणसाचं, पण भरलेलं.

नवऱ्याची कारकीर्द म्हणाल तर फार चमकदार नव्हती. पण जी होती ती त्यानं पायानं कमावलेली. पोरसवदा असताना याच क्लबात आला, इथंच वाढला. मध्ये एका मोठ्या क्लबनं त्याला नेलं, तेव्हा गल्लीत पेढे वाटावेत तसं ते वर्तमान वाटलं गेलं होतं. तिथल्या पहिल्या सामन्याला त्याची आई एसटीनं रात्रभर प्रवास करून आली, चांगली साडी नेसून प्रेक्षकांत बसली. हा तयार होऊन गेला तर कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर नावं चिकटवलेली, आणि त्यात हा नाही. कोणी काही सांगितलं नव्हतं. मागून येणारे वाचत होते, पुढं सरकत होते, आणि हा दारात उभा. आई शेवटपर्यंत समजत होती की आपल्याला लांबचं नीट दिसत नाही म्हणून मुलगा ओळखू येत नाही.

एका हंगामानंतर तो परत आला. पुढं गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, लहान मुलांना शिकवणं सुरू झालं, मग मोठ्या संघाचा हाताखालचा प्रशिक्षक. या हंगामाच्या मध्यावर क्लबनं जुन्या मॅनेजरला नारळ दिला आणि तात्पुरतं म्हणून ती खुर्ची याच्याकडे आली. तात्पुरतं या शब्दाची तिला धडकी भरायची. त्याला नाही. त्यानं खुर्चीवर बसण्याआधी एक नियम केला. माझ्या संघात कोणालाही दारावर वाचून कळणार नाही. ज्याला बसवायचं त्याला मी तोंडावर सांगणार, आणि बसवून नव्हे, चालवून सांगणार.

त्यातून फेरी निघाली. सामन्याच्या आधी तो एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "चल, एक फेरी मारू." मग दोघं मैदानाला वळसा घालत चालत. अर्ध्या वळशापर्यंत तो सांगे, उरलेला अर्धा समोरच्यानं बोलायचा. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही तिथंच. दारापाशी परत येईपर्यंत गोष्ट संपलेली असायची. संघात या फेरीची अशी दहशत बसली की त्यानं गवत कापणाऱ्यालाही सहज चल म्हटलं, तर तो यंत्र बंद करून आपलं काय चुकलं ते विचारू लागला. घरी जेवणानंतर पाय मोकळे करायला चल म्हणाला की ती विचारी, "का? मला बसवतोयस का?"

दादाला या सगळ्याची गंमत वाटायची. मैदानावर तो मेहुण्याला सर म्हणे, तेही इतक्या गंभीर चेहऱ्यानं की बाकीच्यांना हसू आवरेना. घराचा उंबरा ओलांडला की पुन्हा खुंट्या.

आता खांद्याचं. तिची नजर मुळातच अशी होती की जिथं काही दुखायची शक्यता आहे तिथं ती आधी जायची. ठमी जिना उतरताना तिचे डोळे पायरीवर, ठमी दूध पिताना कपाच्या तुटलेल्या कडेवर. त्याच नजरेला दिसलं होतं की दादा हल्ली ठमीला उजव्याच हातानं उचलतो. पूर्वी दोन्ही हातांत धरून छताकडे उडवायचा. फळीवरचा डबा काढताना डावा हात निम्म्यात थांबतो आणि मग तो अगदी सहज, कोणाच्या लक्षात येऊ नये असा, हात बदलतो. शर्ट घालताना डावी बाही आधी. आणि आपली हातमोज्यांची पिशवी, जिला तो आजवर कोणाला हात लावू देत नसे, ती डाव्या खांद्यावरून उजव्यावर गेलीय.

एके दिवशी ती भांडी घासत असताना नवऱ्यानं पुसता पुसता विचारलं, दादाचा खांदा कसा वाटतो गं तुला. तिनं हे सगळं भडाभडा सांगून टाकलं, वर म्हणाली, तो स्वतःहून जायचा नाही, तूच त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.  ताटली पुसून झाली होती तरी तो पुसत राहिला.

तिनं सांगितलं होतं बहीण म्हणून. ऐकलं मॅनेजरनं. हे तिला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, जेव्हा सतरंजीवर खोक्याच्या तोंडाशी जिराफ उभा होता आणि हत्ती डब्यात होता. जिराफ म्हणजे संघातला दुसरा गोलकीपर, एक किडकिडीत उंच तरुण. त्याला सगळे शिडी म्हणत.

पुढचा सामना हंगामातला शेवटचा. हरले तर संघ वरच्या गटातून खाली घसरणार, आणि मग तात्पुरत्या मॅनेजरला कोण विचारतो. बरोबरी झाली तरी भागणार होतं. एकही गोल होऊ न देणारा माणूस हवा होता, आणि समोरच्या संघाची सगळी भिस्त उंच येणाऱ्या चेंडूंवर होती. एवढं तिलाही समजत होतं. इतकी वर्षं ती काही आंधळ्यासारखी बाकांवर बसली नव्हती. तरी तिनं विचारलं, हे ठरलं का. तो म्हणाला, बघतोय. तिनं विचारलं, दादाला सांगितलंस का. तो म्हणाला, फेरीला नेतो ना.

सांगितलं मात्र नाही. रोज ती विचारायची आणि रोज तो काहीतरी कारण पुढं करायचा. आज पाणी मारलं होतं, चिखल होता. आज क्लबचे अध्यक्ष आले होते. एकदा तर म्हणाला की सुरुवात केली होती, पण दादा गवताबद्दल बोलायला लागला आणि वळसा कधी संपला ते कळलंच नाही. दुसरा कोणी असता तर त्यानं अर्ध्या वाटेतच मोकळं केलं असतं. इथं पाय उचलत नव्हता. दरम्यान दादाचा रोजच्यासारखा फोन यायचा, ठमीचा खोकला कसाय, तू जेवलीस का, आणि ती नवऱ्याचं गुपित दाढेखाली धरून हो हो म्हणायची. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते काय, ते तिला त्या आठवड्यात नीट कळलं. सांगावं तर नवऱ्याची खुर्ची, न सांगावं तर भावाचं तोंड. आणि तळाशी एक बोचत होतं. हत्ती डब्यात गेला तो तिच्या बोलण्यानं.

सामन्याच्या आदल्या रात्री जेवायला दादा त्यांच्याकडे येई, हा शिरस्ता तिच्या लग्नापासूनचा. तसा तो आला. पिशवी उजव्या खांद्यावर. बूट दाराबाहेर नीट जोडून ठेवले, ठमीला एका हातानं उचलून कडेवर घेतलं, आणि बहिणीला म्हणाला की उद्याच्या दिवसानंतर मी आठवडाभर झोपणार आहे, उठवायला येऊ नका. ती अंडी सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

जेवणं सुरू झाली. नवरा पाण्याचा जग भरायला आत गेला होता. मामाच्या मांडीवर बसून भाताचे घास खाणाऱ्या ठमीला मामानं नेहमीचंच विचारलं, "काय म्हणतो आमचा हत्ती? गोल राखतो ना नीट?"

"हत्ती नाही राखत," ठमी घास गिळून म्हणाली. "हत्ती डब्यात असतो. जिराफ राखतो."

"असं? का बरं?"

"हत्तीचा खांदा दुखतो. आईनं बाबांना सांगितलं."

दारात नवरा जग घेऊन उभा होता. जगातलं पाणी हिंदकळून त्याच्या पावलांवर सांडत होतं ते त्याला कळत नव्हतं. तिचा हात ताटातच राहिला. इतक्या वर्षांत अनेकदा ती ज्याची भीती बाळगायची ते घडलं नव्हतं. जिना, कप, खोकला, सगळ्यातून पोर सुखरूप बाहेर पडली होती. आणि हे, ज्याच्याकडे तिनं लक्षच दिलं नव्हतं, ते असं चार वर्षांच्या तोंडून ताटात येऊन पडलं.

 दादानं पुढचा घास केला, फुंकर घालून निववला, तिच्या तोंडाशी नेला.

"डब्यात हवा येते का गं त्याला?"

"येते. झाकणाला भोक आहे."

"मग बरं," तो म्हणाला.

त्यानं ताटातलं सगळं संपवलं. अन्न टाकायचं नाही हे त्यानंच तिला शिकवलं होतं. हात धुतले, ठमीचं तोंड पुसलं, तिला खाली सोडलं. जाताना बूट घालायला वाकला तेव्हा त्यानं डावा हात भिंतीला लावला आणि लगेच काढून घेतला. ती दारात उभी होती. त्यानं येतो म्हटलं ते दाराला म्हटलं, तिला नाही.

तो गेल्यावर ती नवऱ्याला ओरडली नाही. ओरडणं तिला जमायचंही नाही. तिनं फक्त विचारलं की दारावर वाचायची पाळी कोणावर येऊ देणार नव्हतास ना तू. तो सतरंजीवर बसला, पाय लांब सोडून. म्हणाला की त्याच्यासमोर मी कधी बोललोच नाही गं. इतकी वर्षं मी पुढं बघत उभा राहिलो आणि तो मागून बोलत राहिला, डावीकडे सरक, उजवा येतोय, सोड, घे. मागे वळून त्याला काही सांगायची मला सवयच नाही.

तिला त्याचा राग येत होता आणि कीवही. आणि त्या दोन्हीपेक्षा मोठी अशी एक भीती होती, की उद्यापासून तिला माहेर नाही.

सामन्याच्या दिवशी ती एरवी खेळ सुरू व्हायच्या बेतानं जाई. त्या दिवशी नवऱ्याबरोबरच सकाळी निघाली. ठमीनं हत्ती बरोबर घेतला, आणि तिनंही नको म्हटलं नाही. मैदानावर अजून कोणी नव्हतं. गवत कापणारा चुन्याच्या रेषा मारत होता, सामान सांभाळणारा म्हातारा दोरीवरचे टॉवेल गोळा करत होता. एकेक खेळाडू येऊ लागले. शिडी आला तो भिंतीला चिकटून, जणू उंची लपवता येईल. त्याची फेरी झाली नव्हती, म्हणजे खेळायचंय, एवढं त्यालाही कळलं होतं, आणि त्यानंच त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. नवरा दाराशी उभा होता. तो दर थोड्या वेळानं फाटकाकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे.

दादा येणारच नाही असं तिनं मनाशी जवळजवळ धरलं होतं. पण तो आला, नेहमीच्या चालीनं, पिशवी घेऊन, दाढी करून. त्यानं म्हाताऱ्याला राम राम केला. शिडीच्या पाठीत एक धपाटा घातला. नवऱ्यानं खाकरून तोंड उघडलं, पण त्याच्या आधी दादाच बोलला.

"सर, चला. एक फेरी मारू."

टॉवेल गोळा करणारे हात थांबले. खेळाडूंपैकी कोणी हसलं नाही. आजवर फेरीला चल म्हणणारा एकच माणूस होता, आणि आज त्यालाच कोणी न्यायला आलं होतं.

दोघं चालू लागले. ती पहिल्या बाकावर ठमीला घेऊन बसली. तिथून शब्द ऐकू येत नव्हते. पण दोघांच्या पाठी तिला पुस्तकासारख्या वाचता येत होत्या. पहिल्या कोपऱ्यापर्यंत दादा एकटाच बोलत होता, आणि बोलताना हात हलवत होता, उजवा. दुसरा कोपरा यायच्या आत नवरा थांबला. दादा दोन-चार पावलं तसाच पुढं गेला, मग वळला. काहीतरी जोरात म्हणाला. लांबवरून आवाज आला, अर्थ आला नाही. तिनं ठमीचा हात इतका घट्ट धरला की ठमी आई दुखतं म्हणाली.

पलीकडच्या गोलपाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग दादानं एक गोष्ट केली. तो पोस्टच्या आत जाऊन उभा राहिला, उजवा हात वर नेला आणि वरच्या दांड्याला सहज टेकवला. तो खाली घेतला. मग डावा उचलला. डावा खांद्याच्या थोडा वर गेला आणि थांबला. त्यानं टाचा उंचावल्या, मान वाकडी केली. हात काही दांड्याला लागला नाही. आणि तो तसाच, अर्ध्यावर अडकलेला हात घेऊन उभा राहिला, मेहुण्याकडे बघत. लपवला नाही.

नवऱ्यानं पुढं होऊन तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हळू खाली आणला, जसा झोपलेल्या पोरीचा हात उशीवरून खाली घेतात.

पहिला वळसा संपला तरी ते दारात शिरले नाहीत. तिच्या समोरून पुढं गेले, दुसऱ्या फेरीला. जाताना तिच्या कानावर एवढंच पडलं:

"माझ्याआधी खेळण्याला सांगितलंस, खुंट्या. याचा राग आहे."

"हो," नवरा म्हणाला. "बरोबर आहे."

खुंट्या हे मैदानावर त्यानं कित्येक महिन्यांत म्हटलं नव्हतं. 

दुसरी फेरी संपल्यावर नवरा आत गेला, संघाशी बोलायला. दादा मात्र बाकापाशी आला आणि पिशवी मधे ठेवून तिच्या शेजारी बसला. ठमीनं लगोलग हत्ती त्याच्या गुडघ्यावर उभा केला. बहिणीला वाटलं, आता आपणच बोललेलं बरं.

"मी सांगितलं रे त्याला. मला वाटलं, डॉक्टरकडे नेईल."

"माहितेय. तू लहानपणापासून चहाडखोर." तो मैदानाकडे बघत होता. "शेजारच्यांची खिडकी मी फोडली ते आईला कोणी सांगितलं होतं?"

"मी."

"तेव्हाही खोटं बोलली नव्हतीस."

ती रडू लागली, आवाज न करता, जशी ती नेहमी रडे. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त खिशातला रुमाल काढून बाकावर मधोमध ठेवला. म्हणाला की राग तुझाही आलाय मला, आणि तो काही दिवस राहील. ओढून ताणून घालवायला जाऊ नकोस. खांदा गेल्या हिवाळ्यापासून असा आहे. सकाळी केस विंचरायला तो हात उठत नाही, हे स्वतःला सांगायचं धाडस त्यालाच झालं नव्हतं, तर दुसऱ्यांनी सांगितलं नाही म्हणून किती दिवस डोक्यात राख घालून बसणार. रात्री झोप लागली नाही, तेव्हा विचार करताना लक्षात आलं, की आपण खुंट्याबरोबर फेरीवर जाऊन गवताबद्दल बोललो ते काही उगाच नव्हतं. आपल्याला ठाऊक होतं तो कशाला चल म्हणतोय ते.

"जेवायला येशील?" तिनं विचारलं. सगळा आठवडा जे विचारायचं राहिलं होतं ते शेवटी एवढंच होतं.

"जेवायला न यायला मी काय वेडा आहे?" तो म्हणाला. "रागावून येईन. पण येईन."

सामना सुरू झाला. पहिल्याच उंच चेंडूला शिडी पुढं यावं की मागं राहावं या घोळात मधेच अडकला आणि चेंडू दांड्यावर आपटून बाहेर गेला. बाकांवरून लोक कुलपाच्या नावानं ओरडायला लागले. नवरा रेषेपाशी उभा होता. त्याची मान आखडलेली तिला मागून दिसत होती. तेवढ्यात राखीव खेळाडूंच्या बाकावरून दादा उठला, हातमोजे घातलेलेच होते, आणि अंग गरम करतोय असं दाखवत त्या गोलच्या मागच्या बाजूला जाऊन येरझाऱ्या घालू लागला. त्याला तिथं उभं राहून शिकवायची मुभा नव्हती. पंचानं पाहिलं तर हाकलेल. म्हणून तो जाळीकडे पाठ करून चालत होता आणि चालता चालता स्वतःशी पुटपुटत असावा तसं पुटपुटत होता. शिडीनं पुढचा उंच चेंडू पुढं येऊन पंजानं उडवला. त्याच्या पुढचा छातीशी धरला. पंचानं दादाला हाकललंच, पण तोवर मध्यंतर आलं होतं.

सामना शून्य-शून्य सुटला. संघ वरच्या गटात राहिला. लोक रेषा ओलांडून आत धावले, शिडीला उचलून घेतला, आणि त्याच्या लांबच लांब तंगड्या कोणाच्याच हातात मावेनात. कुणीतरी मॅनेजरच्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं. तो ओला होऊन हसत होता आणि त्या गर्दीतून मागे वळून कोणालातरी शोधत होता. दादा त्याला लांबूनच दिसला. दादानं हात वर केला, उजवा. नवऱ्यानंही केला. तेवढंच.

गर्दी पांगायला वेळ लागला. ती ठमीला घेऊन फाटकाकडे उतरणाऱ्या जिन्यापाशी थांबली होती, कारण गर्दीत पोरीला कोणाचा धक्का लागेल ही भीती काही संघ वाचल्यानं जात नव्हती. दादा कपडे बदलून आला, केस ओले, पिशवी उजव्या खांद्यावर. ठमीनं त्याला पाहताच दोन्ही हात वर केले आणि त्याच्या डाव्या बाजूनं चढायला लागली.

"तिकडून नको गं," तो म्हणाला. "या बाजूनं ये. तो दुखतो."

किती साधेपणानं म्हणाला. जशी वेळ सांगावी. ठमी वळसा घालून उजवीकडे आली, आणि तिथं पिशवी होती. मामा पिशवीकडे बघत उभा राहिला, पोरीकडे बघत उभा राहिला. दोन्ही एका खांद्यावर मावणार नव्हतं.

"आण इकडे," तिनं हात पुढं केला.

त्यानं क्षणभर विचार केला. मग पट्टा खांद्यावरून काढला आणि पिशवी तिच्या हातात दिली. ठमीला उजव्या हातानं उचललं. ठमीनं एका हातानं त्याचा कान पकडला आणि दुसऱ्या हातातला हत्ती त्याच्या डोक्यावर उभा केला, आणि तिघं जिना उतरू लागली. ती मागून येत होती, पिशवी छातीशी धरून, त्या दोघांच्या पावलांकडे आणि पुढच्या पायरीकडे आळीपाळीनं बघत.